हिरवी बत्ती

हिरवा ठिपका पडद्यावरच्या खोडकिड्याच्या अळीवरून घसरला, बाजूच्या फोटोच्या काचेवर आपटला आणि उलटा फिरून पहिल्या रांगेतल्या केवळरामच्या तोंडावर गेला. म्हाताऱ्याने डावा डोळा मिटला. कृषी सहायक नूतन बिसेनने झटकन बटणावरचं बोट काढलं.

लेझर केवळरामचाच होता. नूतनच्या पॉइंटरचा सेल ऐन वेळी संपला आणि अर्जुनी मोरगावजवळच्या त्या गावात पन्नास शेतकरी सतरंजीवर येऊन बसलेले. केवळरामने पिशवीतून आपली हिरवी बत्ती काढून दिली. धानात शिरणारी रानडुकरं पळवायला त्याने ती बाजारातून आणली होती. तलावाच्या या काठावरून मारली तर ठिपका पलीकडच्या काठावर दिसायचा. एवढा जोरदार लेझर सभेत वापरायचा नसतो, हे नूतनला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने घेतला. सभा फसली तर चारचौघांत नाचक्की होईल, एवढंच तेव्हा सुचलं.

"काई नाई झालं, म्याडम. चालू द्या," केवळराम म्हणाला.

डोळा लाल नव्हता. पाणीही येत नव्हतं. नूतनला त्याचीच जास्त भीती वाटली. असा उजेड डोळ्याच्या आतला पडदा जाळतो आणि दुखतसुद्धा नाही, हे तिने वाचलं होतं. मुकाट्याने पुढची स्लाइड लावावी, कोणाला काय कळणार आहे, असंही क्षणभर मनात आलं. त्या विचाराची तिला स्वतःलाच किळस आली.

ती येऊन त्याच्यासमोर बसली. त्याला उजव्या डोळ्यावर हात ठेवायला लावला.

"बाबाजी, सरळ माझ्याकडे पाहा. काय दिसते?"

"पंखा दिसते. दरवाजा दिसते. तुमचे खांदे दिसतेत." तो थांबला. "तोंड नाई दिसत. तिथं कारा दाग आहे."

नूतन ताडकन उठली.

"हा काळा डाग माझ्या हातून पडला," ती सर्वांदेखत म्हणाली. "आताच्या आता गोंदियाला डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ."

"तुमच्यानं कायले होईल?" केवळराम चक्क हसला. "हा दाग त दिवाळीपासून आहे."

तिच्या जिवात जीव आला. लगेच त्या सुटकेची लाजही वाटली.

"दिवाळीला काय झालं होतं?"

"काई नाई. उनात या बत्तीचा ठिपका दिसत नाई ना. मंग वावरात जायच्या आधी बत्ती लागून राहिली का नाई, ते तिच्या तोंडाशी डोरा लावून पाहा लागते. रोजचंच काम आहे."

नूतनने लेझर मुठीत गच्च धरला.

"बाबाजी, आजपासून यात डोळा लावून पाहायचं नाही. एकदाही नाही."

"मी कुठं पाहून राहिलो आता?" केवळरामने बायकांच्या रांगेत बसलेल्या आपल्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "मले दिसनं कमी झालं, तवापासून रुख्माच पाहते. तिचे डोरे चांगले आहेत."