ओली चूल

चूल काल दुपारीच थापली होती आणि अजून ओली होती. हे सोजराबाईला माहीत होतं, अन्नपूर्णाबाईला माहीत होतं, आणि ओसरीत पाऊल ठेवताच तलाठी अश्वजित यांनाही ते कळलं. तेही खेड्यातच वाढलेले. पण तलाठ्याला कळलं तरी विचारावं लागतं.

"मावशी, ही चूल कोनाची?"

"माही," सोजराबाई म्हणाली. "चार वर्सांपासून माही येगळीच हाये."

"आन् आतला गॅस?"

"तो या बाईचा. घर बाईचं हाये. मी आपली एका कोन्यात पडून राह्यते. आमचं काही लेनंदेनं नाही."

'ही बाई' म्हणजे अन्नपूर्णाबाई, तिची लहानपणापासूनची मैत्रीण. ती खांबाला टेकून बसली होती आणि ठरल्याप्रमाणे सोजराबाईकडे बघत नव्हती.

तक्रार आली होती. सोजराबाई सरकारच्या निराधार योजनेचा पगार घेते, पण राहते मैत्रिणीच्या घरी, जेवते मैत्रिणीच्या चुलीवरचं, आणि मैत्रिणीचा मुलगा तर चांगला नोकरीला. मग सोजराबाई निराधार कशी? तक्रार करणाऱ्यानं नाव लिहिलं नव्हतं, पण अक्षरावरून अख्ख्या गावानं ओळखलं होतं. कोतवाल गोपालनं काल येऊन सांगितलं, "साहेब चूल पाह्यतीन. चूल येगळी त घर येगळं." झालं. सत्तरी ओलांडलेल्या दोघीजणी दुपारभर मातीत बसल्या. चूल जुनी दिसावी म्हणून तव्याची काजळी खरवडून मागच्या भिंतीला फासली. अन्नपूर्णाबाईला खोटं बोलणं अजिबात जमत नाही, म्हणून तिला एकच वाक्य पाठ करायला दिलं, 'मले काही मालूम नाही.' तेवढंच बोलायचं आणि गप्प बसायचं.

अश्वजितनी काजळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि चटईवर बसले.

"मंग ठेवा ना मावशी चहा. तुमच्याच चुलीवर."

आता आली का पंचाईत! सोजराबाईनं दोन काड्या सारल्या, पातेलं ठेवलं आणि फुंकणी घेतली. ओली चूल ती, धड पेटते कशाला! धूर मात्र असा निघाला की ओसरीतलं कॅलेंडर दिसेना. दारातला गोपाल खोकत बाहेर पळाला. सोजराबाई चुलीत तोंड घालून फुंकत राहिली. तिच्या उजव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं.

त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी धुराजवळ जायचं नाही असं बजावलं होतं. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, ते अन्नपूर्णाबाईच घालायची. आताही औषधाची बाटली तिच्या मुठीत होती.

"मले काही मालूम नाही," ती म्हणाली. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

सोजराबाईनं पुन्हा फुंकलं.

"मले काही मालूम नाही," अन्नपूर्णाबाई आणखी मोठ्यानं म्हणाली. तिसऱ्यांदा ते वाक्य तिच्या तोंडून निघालंच नाही. ती उठली, न्हाणीतली भरलेली बादली उचलली आणि चुलीत पालथी केली.

"ऊठ तथून! मरू दे तो पगार! डोळाच गेला त काय पाह्यशीन?"

चूल फस्सकन विझली आणि एका अंगाला बसली. पातेलं कलंडलं. चहा वाहत वाहत तलाठ्याच्या पिशवीपर्यंत गेला. मग आपण काय करून बसलो ते अन्नपूर्णाबाईच्या ध्यानात आलं आणि ती रडायलाच लागली.

"साहेब, सगळं खोटं..."

"थांबा." अश्वजितनी हात वर केला. "मी इचारलं काय तुमाले?"

त्यांनी रुमालानं डोळे पुसले, कागद काढला आणि खाली मान घालून बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं.

"समक्ष पाहणी केली असता सदर घरात दोन चुली आढळून आल्या. घरमालकीण अन्नपूर्णाबाई यांनी माझ्यादेखत सोजराबाई यांच्या धुमसत्या चुलीत बादलीभर पाणी ओतून चूल मोडली. सबब, दोघींचे खाणेपिणे एकत्र असल्याचे दिसून येत नाही."

"बरोबर हाये," दारातून गोपाल म्हणाला. "दुसऱ्याच्या चुलीत पानी! येवढं त कोर्टात गेलेले भाऊबी नाही करत."

"यात एक शब्द खोटा नाही," अश्वजित म्हणाले. "घरमालकिणीनं सही करा."

अन्नपूर्णाबाईनं पेन घेतलं नाही. "म्हंजे आमचं पटत नाही, असं झालं ना याचं?"

"हाव."

"मंग मी नाही करत सही. साठ वर्सं झाले, मी हिच्यासंगं एक दिवस अबोला धरला नाही. खोडा ते."

"अन्नपूर्णे," सोजराबाई एक डोळा मिटून म्हणाली, "चूल मोडली का नाही तुनं?"

"मोडली."

"मंग कर सही."

अन्नपूर्णाबाईनं सही केली. दरवेळेपेक्षा दुप्पट वेळ लावून, अक्षरं कागदात रुतवत केली. अश्वजितनी कागद पिशवीत घातला आणि चपला शोधायच्या निमित्तानं तोंड भिंतीकडे फिरवलं. कारण अन्नपूर्णाबाईनं मांडी घातली होती आणि बाटलीचं झाकण उघडलं होतं.

"आजपासून तुही भाकर तूच करजो," ती नाक ओढत म्हणाली.

"कायच्यावर करू?" सोजराबाईनं तिच्या मांडीवर डोकं टेकून डोळा उघडा धरला. "चूल ठेवली काय तुनं?"