धुतलेले दोरे

मनीवोनने मागातले दोरे काढून धुतले होते. चांगले साबण लावून, दोन पाण्यांतून काढून, बांबूवर वाळवून. सासू तीन दिवस विहारात राहायला गेली होती, तेवढ्यात करून टाकलं. बुआवान परतली तेव्हा खांबांवरच्या घराखाली, मागापाशी टोपलीत दोऱ्यांची पांढरीशुभ्र जुडी ठेवलेली होती.

"किती मळले होते, आई," मनीवोन म्हणाली. ती शहरातली, तिच्या माहेरी मागच नव्हता. तिला बोल तरी कसा लावायचा?

बुआवान मागाकडे बघत राहिली. ताण्यामागचे उभे दोरे रिकामे लोंबत होते. त्यांच्यात आडवे अडकवलेले ते तीनशे बारा दोरे म्हणजे तिच्या आईच्या नक्षीच्या तीनशे बारा ओळी. एक दोरा, एक ओळ; त्या ओळीत कुठले धागे वर उचलायचे ते तो दोराच धरून ठेवायचा. विणलेली कापडं कधीच लांब लांब विकली गेली होती. घरात ठेवलेलं एकुलतं एक आईच्या चितेवर गेलं. आता नातीच्या लग्नासाठी नवं चढवायचं होतं.

"त्यात काय एवढं?" मुलगा सेंगफेत म्हणाला. "चाळीस वर्षं विणतेस तू. तुझ्या डोक्यात आहेच की सगळं. बस आणि पुन्हा ओव."

तिलाही तसंच वाटलं. ती बाकावर बसली, पहिला दोरा उचलला. किती धागे वर, किती खाली? हात तसाच अधांतरी राहिला. तिने डोळे मिटले. नक्षीतला नाग दिसला, त्याची शेपटीही दिसली, पण तो कितव्या धाग्यावर वळतो ते काही केल्या येईना. दुसरा दोरा घेऊन पाहिला. तिसरा घेतला. मग तिला कळलं. नक्षी तिच्या डोक्यात नव्हतीच. कधीच नव्हती.

मनीवोन रडायला लागली. सेंगफेतने आईचे हात धरले, ते गार पडले होते.

"दचकलीय ती. जीव निसटलाय अंगातून," तो म्हणाला, आणि भटकलेला जीव परत बोलवायला मनगटाला बांधतात तो पांढरा दोरा घेऊन आला. "आई, हात कर पुढे."

बुआवानने हात मागे घेतला आणि मागाच्या खांबावर ठेवला.

"इथे बांध," ती म्हणाली. "इथून गेलाय."