धर्मराजांचे कान

"डोळे मिटा," धर्मराज म्हणाले. "उघड्या डोळ्यांनी गाणं ऐकतात ते गाढव."

तेजसने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि डोळे मिटले. मुलगी बघायला आलो त्या घरात आपल्या मुलाला डोळे का मिटायला लावतात, हे शेजारी बसलेल्या त्याच्या आईला कळेना.

नेरूळच्या या फ्लॅटमध्ये ही रीतच पडली होती. धर्मराजांनी दोन उंची सीडी ट्रान्सपोर्ट घरी आणले होते. हे यंत्र नुसती सीडी फिरवतं आणि वाचतं, आवाज काढायचं काम दुसऱ्या डब्याचं. दोनांतलं एक ठेवायचं होतं आणि निवड काही होत नव्हती. मग जावईसुद्धा त्या यंत्रांवरच पारखायचं त्यांनी ठरवलं. ज्याला कान नाहीत, त्याला मुलगी नाही.

तसे कान जगात कोणालाच नव्हते. मोबाइलवर गाणी ऐकणारे शेजारी ही जनावरं. ज्याने यंत्रं दिली तो दुकानदार ठार बहिरा. बायको गोजरा मिक्सर लावायची, तेव्हा धर्मराज घर सोडून जायची भाषा करायचे.

"तुम्ही काय करता?"

"कळंबोलीला गाड्या आहेत, काका. आमचा पण ट्रान्सपोर्टच." तेजस हसला. धर्मराजांनी नाक मुरडलं.

आधी आलेली मुलं परीक्षेत सहज पास झाली होती. "काय फरक आहे, काका!" म्हणत प्रत्येकाने मान डोलावली होती. नकार दिला तो त्यांच्या मुलीने, प्रियाने, प्रत्येकाला. कारण विचारलं की गप्प. "हिला कान नाहीत आणि अक्कलही नाही," असं धर्मराज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. गोजराने आज लेकीला बजावलं होतं, "ह्यो शेवटचा. आता नाय बोललीस तं मी परत कुनाला बोलवनार नाय."

तेजसला प्रिया बघताक्षणी आवडली होती. मध्यस्थाने त्याला उत्तरही पढवलं होतं: जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणायचं, की काम झालं.

दोन्ही यंत्रांत एकच गाणं होतं. कपाटापाशी बसून खटका दाबून यंत्र बदलायचं काम प्रियाचं. पहिलं कडवं झालं.

"आता दुसरं," धर्मराज डोळे न उघडताच म्हणाले. प्रिया कपाटाकडे वळली. तेच कडवं पुन्हा वाजलं.

"वा! पहिल्यात बाई घशात बोळा कोंबून गात होती. ह्यात श्वाससुद्धा ऐकू येतो. काय हो?"

तेजसने डोळे उघडले. पढवलेलं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"काका, मला तर दोन्ही सेमच वाटले."

"सेम?"

"परत ऐकू का?"

"बहिऱ्याला परत काय ऐकवायचं! हॉर्न ऐकून वाढलेले कान हे. चहा घ्या आणि निघा."

"अवो, पाव्हन्यांशी जरा नीट बोला," गोजरा म्हणाली. तेजसची आई पदर सावरत उठली. तेजसला फार वाईट वाटलं. प्रियाकडे बघायचा त्याला धीर होईना.

"पप्पा, मला हा मुलगा पसंत आहे," प्रिया म्हणाली.

"हा? अगं, ह्याला फरक कळत नाही!"

"मी मशीन बदललंच नव्हतं, पप्पा. कुणाच्याच वेळी नाही."