कुंडीतला पिवळा धोतरा

कमलाकरराव कुंडीला पाणी घालत होते. कुंडीत पिवळा धोतरा होता. वणीत हे झाड कोणी लावत नाही. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याकडेला ते आपलं आपण उगवतं, अंगभर काटे घेऊन, आणि बकरीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. कमलाकररावांनी मात्र ते फाटकाशी, तुळशीच्या शेजारी बसवलं होतं. त्यांची लेक स्पृहा नागपूरच्या प्रयोगशाळेत कॅन्सरवरच्या औषधासाठी याच झाडाच्या पिवळ्या चिकावर काम करत होती ना!

आल्यागेल्याला ते हौसेनं समजावून सांगत. या चिकात एक अल्कलॉइड असतं. पेशीत आरएनए नावाचे हुकूम फिरतात, त्यांना ते जाऊन चिकटतं, मग हुकूम पुढे जातच नाहीत. पंचायत समितीत सारी नोकरी काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं होतं. आजाराची फाईल टेबलावरून हलूच द्यायची नाही, एवढंच ना?

फाटक वाजलं. गल्लीतली आयशाबी आली होती. तिचा नवरा रहमत मिस्त्री होता; कमलाकररावांची जुनी स्कूटर आजवर त्यानंच चालती ठेवली होती. त्याच्या पोटात गाठ निघाली होती आणि नागपूरच्या दवाखान्याच्या गोळ्या सुरू होत्या.

“भाऊ, पाला सरला. अजून दोन फांद्या द्या.”

कालच घरी आलेली स्पृहा पायरीवर चहा पीत बसली होती. “कायचा पाला, चाची?”

“हाच की. तुह्या दवाईचा. रोज सकाळी काढा देऊन राह्यली त्यायले.”

“अन् गोळ्या?”

“त्या बंद केल्या. घरचीच दवाई असताना कायले सोसायच्या त्या उलट्या?”

स्पृहानं कप खाली ठेवला. “चाची, ही दवाई नाही. आम्ही फक्त काचेच्या नळीत पाहतो. माणसाले अजून दिली नाही आम्ही. पोटात गेलं तर हे विष आहे. पाय सुजतात, हृदयावर जाते.”

आयशाबीचा हात फाटकावरच राहिला. “पाय तर सुजले. मले वाटलं, बीमारी पायातून उतरून राह्यली.” मग ती कमलाकररावांकडे वळली आणि आशेनं हसली. “पोट्टी लाजून राह्यली, भाऊ. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू.”

गोळ्या बंद करा असं मी कधी म्हटलं, हे वाक्य कमलाकररावांच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते खरंही होतं. फांद्या देताना ते फक्त एवढंच म्हणाले होते, आमच्या स्पृहाची दवाई आहे ही. आणि म्हणताना छाती कशी फुगली होती, तेही त्यांना आठवलं. त्यांना भीती वाटली. लाज वाटायला अजून वेळ होता.

“भाभी, मले यातलं काही समजत नाही,” ते म्हणाले. “मी नुसती फुशारकी मारली. पोरगी सांगते तेच खरं. रहमतभाईले तयार करा, आत्ताच दवाखान्यात जाऊ.”

आयशाबीनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि घराकडे धावत सुटली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

स्पृहानं ऑटोवाल्याला फोन लावला. तोवर कमलाकररावांनी धोतरा मुळासकट उपटला. काटे रुतले, देठ मोडला आणि तळहातभर पिवळा चीक पसरला. ते नळाखाली हात चोळत राहिले.

“साबणानं नाही जाणार, बाबा. चिकटते ते. जे सापडेल त्याले चिकटते, चांगल्या पेशीले बी. कोणाले चिकटायचं अन् कोणाले नाही, हेच तर शिकवून राह्यलो आम्ही त्याले.”

“शिकन का?”

“माहीत नाही.”

ऑटो फाटकाशी येऊन थांबला. आत आयशाबीच्या शेजारी रहमत बसला होता, अनवाणी. सुजलेले पाय चपलेत जात नव्हते. कमलाकररावांना पाहून त्याचा चेहरा खुलला. त्यानं सरकून जागा केली.

“या भाऊ. तुम्ही संग आहे म्हंजे फिकर नाही. तुमच्या हाताले गुण आहे.”

कमलाकरराव त्याच्याशेजारी बसले. पिवळा तळहात त्यांनी गुडघ्यावर उघडा ठेवला.

“डॉक्टरले पयले हाच हात दाखवू, रहमतभाई,” ते म्हणाले. “काय दिलं होतं ते मीच सांगतो.”