तोंडी परीक्षेच्या आधी

“नाव काय गो तुजा?” नवऱ्या मुलाच्या चुलत्याने, परशुरामने, विचारलं.

“गोदा काळुराम पाटील,” गोदाने सांगितलं आणि मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

पडवीच्या कोपऱ्यात बसलेल्या, तिला इंग्रजी शिकवणाऱ्या गुप्तेबाई चपापल्या. बघायला आलेल्या माणसांसमोर मान वर करायची नसते, हे बाळकुम गावातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. पण गोदाला मान वर करायला खुद्द बाईंनीच शिकवलं होतं. “वर बघ गं, परीक्षक काय जमिनीत पुरलाय?” असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता.

यंदा इंग्रजीच्या वरच्या परीक्षेचं रूपच बदललं होतं. तोवर निबंध घोकायचे, पत्रं घोकायची आणि कागदावर उतरवून मोकळं व्हायचं. टेंभी नाक्याजवळच्या आपल्या शिकवणीतून बाईंनी अशी कितीतरी मुलं पार लावली होती. आता तोंडी परीक्षा आली. अनोळखी साहेबासमोर बसायचं, त्याने विचारलं की उत्तर द्यायचं, उत्तराचं कारण सांगायचं आणि शेवटी आपणही त्याला एक प्रश्न विचारायचा. नाही विचारला तर मार्क कापणार. गोदाचं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. उत्तरं ती फाडफाड द्यायची, पण थोरामोठ्यांना आपण काही विचारायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची. शेवटी बाईंनी उपाय काढला. घरीदारी कुणीही काही विचारो, उत्तर द्यायचं आणि लगेच आपणही एक विचारायचं, मराठीत का होईना. गोदा गुणी पोर. तिने ती सवय मनापासून लावून घेतली.

परीक्षा उद्यावर आली होती आणि आज डोंबिवलीकडचे पाहुणे दारात हजर. मिठागरावर मुकादम असलेल्या काळुरामने बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. शिकलेलं माणूस बैठकीत असलं की बरं दिसतं. “जुळलं तर परीक्षेचं काय?” बाईंनी आल्या आल्या विचारलं होतं. “मंग ते सांगतील तसा,” तो म्हणाला होता. झालं! पोरगी त्यांची म्हणजे हुकूमही त्यांचा. दोन वर्षांची मेहनत परशुरामच्या एका शब्दावर लटकली होती, कारण मुलाला बाप नव्हता आणि घरात या चुलत्याचंच चालायचं.

“रांदाला येते ना?” परशुरामने पुढचा प्रश्न टाकला.

“येते. आई मिठागरावर जाते, म्हनून मीच रांदते.”

उत्तर झालं, कारण झालं. गोदाचे ओठ किंचित हलले. वाक्य जुळवताना शिकवणीतही ते असेच हलत. बाई खोकल्या. त्यांनी डोळे मोठे केले. पण गोदा त्यांच्याकडे बघेल तर ना! परीक्षकावरून नजर काढायची नाही, हेही बाईंचंच शिकवणं.

सुदैवाने परशुराम मध्येच बोलला. “आमचा खटला मोठा हाय. सगल्यांचा रांदाचा, सगल्यांना वाढाचा. जमल?”

“जमल. सवय हाय मना,” गोदा म्हणाली. मग एक श्वास घेऊन तिने विचारलं, “तुमच्याकडं बायका कवा जेवतात?”

गोदाच्या आईने कपाळाला हात लावला. काळुराम रागाने बाईंकडे पाहू लागला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. आणि तरीही, खोटं कशाला बोला, मनातल्या मनात त्यांनी पोरीला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. प्रश्न विषयाला धरून होता, पाठ केलेला नव्हता आणि आवाजही कापला नव्हता.

परशुरामने टोपी काढली, पुन्हा घातली. “जेवतात ना. न जेवून कशा रातील?” त्याने पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या चहाच्या बशीत बघत बसला.

“कवा, ता इचारलाय,” गोदा हळूच म्हणाली. साहेबाने उत्तर टाळलं तर पुन्हा विचारायचं, असंही शिकवणीत झालं होतं.

“चल रे, उठ,” परशुराम उठत पुतण्याला म्हणाला. “उलट बोलनारी पोर नको आपल्याला.”

बाईंना राहवेना. “तिला बोल लावू नका,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “चूक असली तर माझी आहे. उद्या तिची परीक्षा आहे. मोठ्या साहेबासमोर बसून त्यालाच प्रश्न विचारायचाय. भीड चेपावी म्हणून मीच तिला ही सवय लावली.”

“सायबाला इचारनार? ही?” परशुराम हसला.

“बसा भावोजी,” आतून आवाज आला.

उंबऱ्याआड बायकांत मुलाची आई, मनुबाई, बसली होती. आल्यापासून ती चकार शब्द बोलली नव्हती. ती उठली आणि पदर सावरत पडवीत आली.

“पोरीनं इचारलाय. जवाब द्या, मंग उठा.”

“मना कसा ठावं असल?” परशुराम चिडून म्हणाला. “मी काय चुलीपाशी बसतो?”

मनुबाई त्याच्या वाटेतून हलली नाही. तो हळूहळू खाली बसला. मग ती गोदापाशी गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“उद्या जा तू परीक्षेला,” ती म्हणाली. “सायबाला पन ह्याच इचार. आनि काय बोलतो, ता मना येऊन सांग.”