टक् झालं नाही

टक् झालं नाही.

वायरमनच्या कानाने ते लगेच टिपलं. जावयाने नव्या ऑप्टिकल केबलचं एक टोक कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात लावलं आणि दुसरं होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये खुपसलं. पहिलं टोक टक् म्हणालं, दुसरं गप्प राहिलं. छत्तीस वर्षं वायरमनने लोकांच्या भिंतींत तारा भरल्या होत्या. नीट बसलेला प्लग बोलतो, हे त्याला झोपेतही कळलं असतं. पण तो चहाचा घोट घेऊन पेपरमागे गेला.

लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि जावयाने त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. माणूस गुणाचा होता. कालच लेकीसह राहायला आला तो हे एवढं मोठं होम थिएटर भेट घेऊन. पण त्याचं सगळं मोबाइलला विचारून चालायचं. तसं निवृत्त झाल्यापासून वायरमनला कुणीच काही विचारत नव्हतं. शेजारीसुद्धा फ्यूज उडाला की मोबाइलवरून माणूस बोलवायचे. ते त्याला फार लागायचं. आज जावयाने नुसतं ‘बाबा, जरा बघता का?’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. तोवर तोंडाला कुलूप.

"यातून वीज जात नाही बाबा, उजेड जातो," जावई म्हणाला. "त्याचाच पलीकडे आवाज होतो."

"होत असेल," पेपर म्हणाला.

जावयाने कॉम्प्युटरवर गाणं लावलं. आवाज नाही. सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट निवडलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, रिसीव्हरची झाडून सगळी बटणं दाबली. स्पीकर मौनव्रत धरून बसले होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, वायरमन मनात म्हणाला. त्याला गुदगुल्या होत होत्या.

बायकोचं मात्र आज काहीतरी बिनसलं होतं. स्पीकरवरच्या फळीवर तिच्या लाडक्या चार कपांचा सेट असायचा, तो तिने सकाळीच ओट्यावर हलवला होता. स्वतः चहा पीत होती स्टीलच्या पेल्यातून. लेक उगाचच खोकत होती.

अर्ध्या तासाने जावयाने कपाळ पुसलं.

"मी हात टेकले. बाबा, जरा बघता का?"

पेपरची घडी झाली. वायरमनने पलंगाखालची हत्यारांची पिशवी ओढली, टॉर्च काढला आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी रिसीव्हरमागे उकिडवा बसला. पिशवीची खरं तर गरज नव्हती, पण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसलं नसतं. त्याने केबलचं टोक ओढून काढलं. टोकावर पारदर्शक प्लास्टिकचं इवलंसं टोपण तसंच होतं. ते नखाने उपटून त्याने सगळ्यांना दाखवलं.

"तुमचा उजेड टोपी घालून बसला होता, जावईबापू."

बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले. टोक आत गेलं. टक्.

घर दणाणलं.

"मला हे जन्मात सापडलं नसतं, बाबा," आवाज कमी करत जावई म्हणाला. मग त्याने आणखी विचारलं. त्यांच्या घरी इस्त्रीचा प्लग तापतो, तो का? बाथरूमचा स्विच चरचरतो, त्याचं काय करायचं? वायरमन तासभर बोलत राहिला. पुढच्या रविवारी पिशवी घेऊन यायचं त्याने कबूल केलं.

लेक-जावई गेल्यावर तो सोफ्यावर ऐसपैस बसला. इतका आनंद त्याला निवृत्तीच्या हारानेही झाला नव्हता.

"एवढा शिकलेला माणूस," तो बायकोला म्हणाला, "आणि नाकासमोरचं टोपण दिसेना. बरं, तू सकाळी पेल्यातून का चहा पीत होतीस? तुझा कप कुठंय?"

"फुटला," ती पेला विसळत म्हणाली. "काल तुम्ही केस कापायला गेलात आणि हे पहिल्यांदा वाजलं, तेव्हा फळीवरून खाली आला."