शिसपेनीचा नियम

दुपारी चार वाजता जिल्ह्याहून साहेब येणार होते, आणि अडीच वाजता अर्जुनराव गुरुजी वाचनालयाचं दार आतून ओढून घेऊन पुस्तकांतलं स्वतःचं नाव खोडत बसले होते.

सतरा पुस्तकं होती, सगळी लाल झेंड्याच्या विचारांची. पाच वर्षांपूर्वी गुरुजींनीच ती मुंबईहून मागवली आणि आपल्या हातांनी कपाटात लावली. आता चीनशी लढाई जुंपली होती. गावातल्या बायांनी अंगावरचं सोनं काढून संरक्षण निधीला दिलं होतं. काल वाचनालयाचे अध्यक्ष रंगराव घरी येऊन म्हणाले, "ते लाल पुस्तकं साहेबाच्या हवाली करून टाका, गुरुजी. कोणं कोणं वाचले, तेही पाहणार हायेत ते."

ते पाहणं काही अवघड नव्हतं. धामणगावच्या साहित्य मंडळात जमणारी माणसं सात-आठ. कोणी कविता करी, कोणी नुसतीच ऐके. पण पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर नाव, तारीख, एका ओळीत मत आणि पुस्तक कोणाच्या हातून मिळालं, एवढं लिहायचंच, हा मंडळाचा रिवाज. तोही शिसपेनीनं. हा नियम गुरुजींचा. पुस्तकाला शाई लावणं म्हणजे देवाला उष्टा नैवेद्य दाखवणं, असं ते म्हणत. देव मानत नसले तरी म्हणत.

तोच नियम आज कामी येत होता. सभेत मूठ आवळून बोलणारे गुरुजी खोडरबर कसं हलक्या हातानं फिरवत होते, ते कोणी पाहायला नव्हतं म्हणून बरं. हायस्कुलाच्या हेडमास्तरकीचं पत्र याच महिन्यात यायचं होतं. बावीस वर्षं वाट पाहिलेलं पत्र.

सगळ्या पुस्तकांतलं स्वतःचं नाव गेलं आणि मग ते अडले. नऊ पुस्तकांत त्यांच्या नावाखाली कचरूचं नाव होतं, बाकी कोणाचं कुठंच नव्हतं. कचरू बौद्धवाड्यातला, त्यांचाच जुना विद्यार्थी, गेल्या जूनपासून प्राथमिक शाळेत मास्तर. माणूस निळ्या झेंड्याचा. लाल पुस्तकं एकामागून एक वाचायचा आणि वाचनालयाच्या ओट्यावर बसून गुरुजींशी तासनतास भांडायचा. समोरच्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'मालक कळला, मजूर कळला. गावाबाहेरचा माणूस कुठे आहे यात? कचरू. अर्जुन गुरुजींच्या हातून.'

खाली तारीख होती. नऊच्या नऊ पुस्तकांत शेवटचे तीन शब्द तेच.

दुसऱ्याच्या अक्षराला हात कसा लावायचा, असा प्रश्न गुरुजींना पडला. स्वतःच्या अक्षराला लावताना तो पडला नव्हता.

दार ढकललं गेलं. कचरूच होता. शाळा सुटल्यावर तो रोज यायचा, आज शनिवार म्हणून लवकर.

"दार काऊन लावलं, गुरुजी?"

मग त्याला पुस्तकांची चळत दिसली, टेबलावर पडलेला रबराचा भुगा दिसला. वरचं पुस्तक उचलून त्यानं शेवटचं पान काढलं. त्याच्या नावाच्या वर एक ओळभर जागा पांढरी झाली होती.

"हेडमास्तरकीचं पत्र येऊन राह्यलं याच महिन्यात," गुरुजी म्हणाले. त्यानं काही विचारलं नव्हतं.

"हाव, ऐकलं म्या."

"तूही खोडून टाक आपलं नाव. तुह्या सर्व्हिस बुकातली शाई नाही वाळली अजून."

कचरूनं रबर घेतलं. समोरच्या बाकावर बसून त्यानं काळजीपूर्वक खोडलं, भुगा फुंकला आणि पुस्तक गुरुजींपुढे सरकवलं. गुरुजींनी पाहिलं. 'अर्जुन गुरुजींच्या हातून' एवढंच गेलं होतं. बाकी सगळं होतं तिथंच होतं.

"अबे, नाव राह्यलं तुह्यं."

"राहू द्या. सगळेच पानं कोरे सापडले तं साहेब इचारन, खोडले कोणं? मंग पहिलं बोट तुमच्याकडं." कचरूनं दुसरं पुस्तक ओढलं. त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "आन एवढे चांगले पुस्तकं जाऊन राह्यले इथून. कोणी वाचलेच नाही, असं तं होऊ नाही."

"पण तू कुठं या विचाराचा हाय? जन्मभर भांडला मह्याशी."

"तसं सांगून पाहीन साहेबाले."

साहेब ऐकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. निळा कोणता आणि लाल कोणता, हे पाहायला जिल्ह्याहून कोणी येत नसतं. गुरुजींना लाज वाटली. 'थांब' एवढा एक शब्द बोलायचा होता, तो ओठांपर्यंत आलाही. तेवढ्यात बाहेर रस्त्यावर एक मोटार वाजली आणि त्यांनी दचकून दाराकडे पाहिलं. मोटार पुढे निघून गेली. शब्द परत आला नाही.

कचरू तिसऱ्या पुस्तकावर आला होता. हे सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं, पान न् पान सुटं झालेलं. रबर घासताना कागद सरकत होता, चुरगळत होता.

"जरासं धरता का, गुरुजी? फाटन नाही तं."

गुरुजी पुढे वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पान नीट दाबून धरलं.